डिझेल वेल्डिंग मशीन: ६४० तास, आणि तिसऱ्याच दिवशी जळालेली वायर

मशीन ट्रकवरून उतरलं तेव्हा अवर मीटरवर अर्धा तासही नव्हता. आज ६४० आहेत. चौदा महिने झाले, आठवड्यातले चार-पाच दिवस ते माझ्याबरोबर साइटवर असतं. पाइपलाइन, शेडचे ट्रस, टाक्यांची दुरुस्ती, खोदकामाच्या मशिनांच्या बकेटची डागडुजी अशी माझी कामं. जिथे विजेचा खांब अजून पोचलेला नसतो तिथेच आमचं पोट भरतं. आधी भाड्याची मशीनं वापरली, त्यात एक पेट्रोलचंही होतं. स्वतःचं डिझेल मशीन हे पहिलंच.

तीन सिलिंडरचं, पाण्यावर थंड होणारं इंजिन, १५०० आरपीएम. वेल्डिंगला डीसी, ६० टक्के ड्यूटी सायकलला (दर दहा मिनिटांतला वेल्डिंगचा वेळ) ३०० अँपिअर. बाजूला २३० व्होल्टचे दोन सॉकेट आणि थ्री-फेजचा एक. टाकी भरली की वजन सहाशे किलोच्या वर जातं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे बिनसलं ते डिलिव्हरीला आलेल्या माणसाच्या हातून बिनसलं, आणि तो माणूस कुठल्याही कंपनीचा असू शकला असता.

माझे गुण आधीच सांगून टाकतो. मशीनला पाचपैकी साडेचार. त्याच्याबरोबर जे 'इन्स्टॉलेशन' म्हणून मिळालं, त्याला दीड. तो दीडही, माणूस वेळेवर आला म्हणून.

वीस मिनिटांत त्यानं सगळं उरकलं. ऑइल बघितलं, कूलंट बघितलं, बॅटरी जोडली, सेल्फ मारला, एका पट्टीवर चार इंचाचा टाका मारून दाखवला आणि सहीसाठी कागद पुढे केला. जाता जाता म्हणाला, "अर्थिंगपण करून दिलंय साहेब." मी वाकून बघितलं. पॅनलखालच्या छोट्या स्टडपासून (स्टड म्हणजे केबल आवळायचा बोल्ट) मोठ्या मायनस स्टडपर्यंत केबलचा हातभर तुकडा जोडलेला होता, टोकाला लग (केबलचं धातूचं टोक) बसवून, नट आवळून, अगदी नीटनेटका. मी मान डोलावली. बावीस वर्षं वेल्डिंग करतोय आणि मान डोलावली!

तिसऱ्या दिवशी पाइपच्या स्टँडचं काम होतं. हेल्पर पोरगा बेसप्लेटला भोकं पाडत होता. ड्रिल मशीन जुनं, लोखंडी बॉडीचं, तीन पिनांचं, मशीनच्याच सॉकेटवर लावलेलं. भोकं झाल्यावर त्यानं ड्रिल तिथेच प्लेटवर आडवं ठेवलं. मी क्लॅम्प, म्हणजे मायनसच्या केबलची पकड, जवळच्या ब्रॅकेटला लावला. ब्रॅकेटवर प्रायमर होता; खरवडायला हवा होता, नाही खरवडला. ३.१५ मिलिमीटरचा ७०१८ जातीचा रॉड लावला, १३० अँपिअर ठेवले आणि सुरुवात केली. आर्क धरत होता, पण जीव नसल्यासारखा. रॉड ओला असेल म्हणून मनातल्या मनात पोराला शिव्या घातल्या. तेवढ्यात जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि तो ओरडला, "दादा, वायर!"

काच वर करून बघतो तर ड्रिलची वायर सॉकेटपासून ड्रिलपर्यंत अख्खी फुगलेली. एका जागी नव्हे, सबंध लांबीभर धूर. आवरण मऊ पडून पातळ मेणासारखं जमिनीला चिकटलं होतं. वायर कुठे दबली असती किंवा सोलली असती, तर त्या एकाच जागी जळाली असती. अख्खी वायर एकसारखी तापते तेव्हा तिच्यातून तिच्या ताकदीबाहेरचा करंट वाहून गेलेला असतो. आणि गंमत म्हणजे ड्रिल त्या वेळी बंद होतं. सॉकेटचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) पडला नव्हता, जादा करंटला पडणारा एमसीबीही नाही. दोघेही साळसूदपणे चालू.

संध्याकाळी कागदावर चित्र काढलं तेव्हा कोडं उलगडलं. वेल्डिंगचा करंट प्लसमधून निघतो, रॉड धरणाऱ्या होल्डरमधून रॉडमध्ये, रॉडमधून जॉबमध्ये, म्हणजे वेल्डिंग करायच्या लोखंडात जातो, आणि क्लॅम्पच्या केबलनं मायनसला परत येतो. प्रायमरवर लावलेला क्लॅम्प म्हणजे अर्धवट बंद केलेला दरवाजा. करंटनं दुसरी वाट शोधली. जॉबवर ठेवलेली ड्रिलची लोखंडी बॉडी, बॉडीला जोडलेली तिच्या वायरमधली अर्थिंगची हिरवी तार, तिथून सॉकेट, सॉकेटमधून मशीनची चासी (लोखंडी सांगाडा), चासीवरचा छोटा स्टड, आणि तिथून त्या नीटनेटक्या तुकड्यातून थेट मायनस. क्लॅम्प स्वच्छ लोखंडाला घट्ट असता, तर बहुतेक करंट जाड केबलनंच गेला असता आणि मला पत्ताही लागला नसता. तुकडा नसता, तर ही वाटच उघडली नसती, कारण या मशीनचं वेल्डिंग आउटपुट चासीपासून वेगळं ठेवलेलं आहे. १.५ स्क्वेअर एमएमच्या तारेतून १३०-१४० अँपिअर गेले की दीड-दोन सेकंदांत तिचं आवरण हात टेकतं. आरसीसीबी पडणार तरी कसा? तो फेज आणि न्यूट्रलमधला फरक मोजतो, आणि हा करंट त्या दोघांच्या वाटेला गेलाच नव्हता.

हे सगळं घडलं एका शब्दामुळे, असं माझं ठाम मत आहे. आपण क्लॅम्पला 'अर्थ' म्हणतो. 'अर्थ लाव रे', 'अर्थ सुटला बघ'. त्या पकडीचा पृथ्वीशी काडीचा संबंध नाही. ती करंटची परतीची वाट आहे. आणि पॅनलखाली जमिनीच्या चिन्हाचा जो छोटा स्टड असतो त्यालाही आपण अर्थच म्हणतो. तो चासीचा, माणसाच्या जिवासाठी. दोन वेगळ्या कामांना एकच नाव, म्हणून डिलिव्हरीवाल्यानं दोघांची गाठ मारून दिली. कंपनीला फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "आम्ही सगळीकडे असंच लावतो." मॅन्युअल उघडलं. त्यात स्पष्ट लिहिलंय की वेल्डिंगचं टर्मिनल चासीला जोडू नये. फक्त ते पान ३१ वर, बारीक अक्षरात, ऑइलच्या तक्त्यानंतर येतं. दीड गुण का, ते कळलं असेल.

तो तुकडा मी त्याच संध्याकाळी काढला. आता चासीच्या स्टडवरून वेगळी तार निघते ती जमिनीत ठोकलेल्या रॉडला. रॉड किती खोल, तार किती जाड, हे मी ठरवत नाही. तिथले नियम बघून इलेक्ट्रिशियन सांगतो. मशीन ट्रॉलीवर असेल तर चासी ट्रॉलीच्या सांगाड्यालाही तारेनं जोडतो, कारण रबरी टायरवर उभं असलेलं मशीन जमिनीपासून तुटलेलंच असतं. जॉबलाच अर्थिंग हवं असेल तर ते जॉबपाशी वेगळं करायचं, मशीनच्या तोंडाशी गाठ मारून नाही. आणि लोखंडी बॉडीचं कुठलंही हत्यार जॉबवर ठेवायचं नाही. पोरानं त्यासाठी फळीचा एक स्टूल केलाय. नवीन ड्रिलही आता दुहेरी इन्सुलेशनचं, दोन पिनांचं घेतलंय.

आरसीसीबीवरचं टेस्ट बटण रोज सकाळी दाबतो. पण त्यानं भुलू नका. ते बटण आतल्या आत थोडा करंट फिरवून खटका हलतो की नाही एवढंच तपासतं. हिरवी तार कुठे तुटली असेल तर बटण दाबल्यावरही खटका तसाच छान पडेल. तार सलग आहे का, ते मीटर लावूनच बघावं लागतं.

आता मशीन ठेवायचं कुठे. इथे मॅन्युअल चांगलं आहे, श्रेय देतो. सपाट, टणक जमीन. तिरक्या जागेवर मशीन दिसायला नीट चालतं, पण ऑइलची पट्टी खोटं बोलते, आणि जास्त तिरकं असेल तर पंपाला ऑइलऐवजी हवा मिळू शकते. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, ट्रॉलीचा पुढचा पाय खाली आणि हँडब्रेक, तिन्ही. तीन सिलिंडरच्या थरथराटानं मशीन दिवसभरात वीतभर सरकलेलं मी पाहिलंय. उचलायचं तर वरच्या मधल्या कडीलाच, आणि फक्त मशीन. ट्रॉलीसकट उचलायला ती कडी नाही.

पाइपलाइनच्या कामात सगळ्यांचा मोह एकच: मशीन चराच्या काठाशी आणायचं, म्हणजे केबल कमी लागते. एक तर काठ ढासळतो. दुसरं, धूर चरात उतरतो आणि खाली वाकलेला माणूस तोच श्वासात घेतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि वजन जवळपास हवेइतकंच, त्यामुळे तो आपण होऊन वर निघून जाईल या भरवशावर राहता येत नाही. डिझेलमध्ये तो पेट्रोलपेक्षा कमी असतो हे खरं, पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि डिझेलचा धूर नुसता तेवढाच नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये डिझेल इंजिनाचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला, आणि २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूरही तिथेच नेऊन बसवला. म्हणजे आमच्याकडे दोन्ही आहेत.

एकदा पावसात मी मशीन अर्धवट शेडमध्ये घेतलं होतं. दोन बाजू उघड्या, वर पत्रा, म्हटलं काय होतंय. तासाभरात कपाळ ठणकायला लागलं. पोरगा म्हणाला, त्याला मळमळतंय. काम बंद, मशीन बाहेर. तेव्हापासून नियम: छप्पर आहे तिथे मशीन नाही, मग बाजू कितीही उघड्या असोत. केबल लांबवायची, मशीन जवळ आणायचं नाही. नेमप्लेटवर आयपी २३ लिहिलंय, म्हणजे वरून आणि तिरक्या येणाऱ्या पावसाच्या शिंतोड्यांचं त्याला वावडं नाही. डबक्यात उभं करायचं किंवा पाण्याचा पाइप मारून धुवायचं ते मशीन नाही. आणि मशीन पावसाला टिकलं तरी वेल्डर टिकत नाही. ओले हातमोजे घालून रॉड बदलणं म्हणजे काय ते ज्याला झटका बसलाय त्यालाच विचारा.

त्या झटक्याबद्दल. या मशीनला आउटपुट चालू-बंद करायचा वेगळा स्विच नाही. इंजिन चालू झालं की दोन्ही स्टडमध्ये व्होल्टेज उभं. टाका न मारता मीटर लावला तर माझ्या मशीनला ७० व्होल्टच्या आसपास दिसतात. नेमप्लेटवर चौकटीत इंग्रजी 'एस' अक्षर आहे. ओल्या किंवा अडचणीच्या, सगळीकडून लोखंडानं वेढलेल्या जागी वापरायला योग्य, असा त्याचा अर्थ. तो असला तरी डीसीला ११३ व्होल्टपर्यंत मुभा असते, म्हणून 'एस' आहे म्हणजे काही होत नाही असं समजायचं नाही. टाका थांबला की व्होल्टेज आपोआप खाली आणणारं व्हीआरडी नावाचं उपकरण या मॉडेलला वेगळं घ्यावं लागतं. मी घेतलं नव्हतं. टाकीच्या आत काम करायचं ठरलं तेव्हा घेतलं, आणि आधीच घ्यायला हवं होतं.

म्हणून सेल्फ मारण्याआधी होल्डर कुठे आहे ते आधी बघायचं. जॉबवर, ट्रॉलीवर, गॅसच्या सिलिंडरवर नाही. सुक्या लाकडाच्या खुंटीला टांगलेला, रॉड काढून. भाड्याच्या एका मशीनवर मी होल्डर बॉनेटवर ठेवून सेल्फ मारला होता. बॉनेटवर जो डाग पडला तो मालकानं हिशेबात धरला.

केबलींवर मी जरा जास्त बोलतो, पोरं कंटाळतात. मशीनबरोबर ज्या केबली आल्या त्या चांगल्या तांब्याच्या, ५० स्क्वेअर एमएम, तीस मीटर जायची आणि तीस मीटर यायची. २०० अँपिअरला एवढ्या लांबीत साधारण पावणेपाच व्होल्ट वाटेत जातात. पस्तीसची केबल लावली तर साडेसहा-सात, पंचवीसची लावली तर साडेनऊ. आर्कलाच पंचवीस-सव्वीस व्होल्ट लागतात, त्यात वाटेतच नऊ गेले तर टाका पातळ पडणारच. मग आपण डायल वाढवतो आणि केबल आणखी तापते. केबल उरली तर तिची गुंडाळी ड्रमवर तशीच ठेवून काम करू नये, आतले वेटोळे थंड व्हायला जागाच नसते. खांद्याला गुंडाळून वर चढणारे महाभाग तर रोज दिसतात.

पण खरी आग सांध्यात असते. डिलिव्हरीच्या माणसानं प्लस स्टडवर आधी वॉशर घातलं होतं, मग लग, मग नट. उलटं. लग थेट पितळी बसणीवर टेकला पाहिजे. वॉशर त्याच्या वर, नटाखाली. लोखंडी वॉशर मधे आलं की करंट त्याच्यातून जातो. हिशेब करा: सांध्यात ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा असला आणि २०० अँपिअर गेले, तरी तिथे ४०० वॉट उष्णता तयार होते. म्हणजे हाताच्या पंजाएवढ्या जागेत छोटा हीटर. पहिल्या दिवशी अर्ध्या तासानं मी इंजिन बंद करून दोन्ही नटांजवळ हात नेला. मायनसचा कोमट, प्लसचा असा की हात मागे आला. उघडून बघितलं तर वॉशर निळं पडलेलं. लग खाली, वॉशर वर असं बसवलं, पाना मारला, परत अर्धा तास काम केलं. दोन्ही सारखे कोमट. तेव्हापासून नवीन जोडणी केली की अर्ध्या तासानं इंजिन बंद करून बघायचं, हा रिवाज.

इंजिनाविषयी बोलण्यासारखं तितकं नाही, कारण त्यानं त्रास दिला नाही. सकाळी इंजिन आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगला दहा सेकंद दिले की पहिल्याच सेल्फला उठतं. पहिल्या ५० तासांना ऑइल बदललं, मग दर २५० ला. ऑइल काढायचा पाइप बाहेर आणून ठेवलाय, खाली आडवं व्हावं लागत नाही. हे ज्यानं केलं त्याचे आभार. उलट बॅटरी चार बोल्ट काढल्याशिवाय दिसत नाही, हे ज्यानं केलं त्याला एकदा साइटवर आणा. बॅटरी काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी, आणि जवळ ठिणगी नको, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.

डिझेल संपू देऊ नका. एकदा संपलं, लाइनमध्ये हवा शिरली, आणि फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत फेस जाऊन स्वच्छ धार येईपर्यंत पाऊण तास गेला. इंजेक्टरचा पाइप इंजिन फिरत असताना ढिला करून बघायची काहींना खोड असते. तिथला दाब एवढा असतो की बारीक फवारा कातडीतून आत घुसतो. जखम सुईएवढी दिसते आणि हात गमावायची वेळ येते. डिझेल भरायचं ते इंजिन बंद करून, थोडं निवल्यावर, आणि गळ्यापर्यंत नाही. तापल्यावर ते फुगतं.

उन्हाळ्यात एकदा तापमानाचा दिवा लागला आणि मशीन आपोआप बंद पडलं. पोरानं 'हवा लागू दे' म्हणून बाजूचं दार उघडं ठेवलं होतं. हेतू चांगला, परिणाम उलटा. या मशीनचा पंखा एका बाजूनं हवा ओढतो, इंजिन-अल्टरनेटरवरून फिरवतो आणि रेडिएटरमधून बाहेर टाकतो. दार उघडलं की हवा जवळची वाट धरते आणि जिथे जायला हवी तिथे जातच नाही. दारं बंद आणि भोवती हात-दोन हात मोकळी जागा, एवढंच त्याचं मागणं. फिरता बेल्टही त्याच दारामागे आहे, तेव्हा उघडं दार तसंही नकोच. सायलेन्सरखाली सुकं गवत असेल तर ते आधी काढायचं. ठिणग्या अडवणारी जाळी या मॉडेलला आतच आहे, पण सायलेन्सरचं अंग एवढं तापतं की गवताला ठिणगीची वाट बघायची गरज पडत नाही.

टाक्याच्या दर्जाबद्दल माझी एकही तक्रार नाही. ७०१८ रुळावरून गेल्यासारखा चालतो, पाइपच्या खालच्या बाजूलाही रॉड चिकटत नाही. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं ३०० अँपिअर, तेही ४० अंश तापमान धरून. शंभर टक्क्यांना नेमप्लेट २३० सांगते. मी चारचा रॉड १६० वर दिवसभर मारतो, त्याला काहीच वाटत नाही. उंच डोंगरावर नेलं तर साधं, टर्बो नसलेलं इंजिन दर १०० मीटरला साधारण एक टक्का ताकद सोडतं, एवढं लक्षात ठेवायचं. टाका थांबला की वेग आपोआप खाली आणायची सोय आहे, डिझेल वाचतं. पण टॅक (तुकडे जागेवर धरायचे छोटे टाके) मारताना ती बंद ठेवा. इंजिन सारखं वर-खाली होत राहतं आणि टॅकची सुरुवात मऊ पडते.

एक चूक माझी. रात्रीच्या कामाला चार दिवे लावायला आठवडाभर मशीन चालवलं, वेल्डिंग काही नाही. तीनशे अँपिअरच्या इंजिनाला चार दिव्यांचा भार म्हणजे बैलाकडून पाटी ओढून घेतल्यासारखं. सायलेन्सरच्या तोंडाशी काळं, तेलकट ओघळलं. डिझेल इंजिन फार कमी लोडवर चाललं की आतलं तापमान चढत नाही आणि अर्धवट जळालेलं डिझेल काजळीबरोबर बाहेर येतं. पुढचे दोन दिवस चांगला लोड दिल्यावर साफ झालं. दिव्यांसाठी आता छोटा जनरेटर आहे.

आणि एक, जे मी केलं नाही. साइटच्या ऑफिसची वीज गेली होती. तिथला माणूस दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घेऊन आला, म्हणाला, तुमच्या सॉकेटमधून आमच्या सॉकेटला द्या. मी नाही म्हटलं. त्याला वाटलं डिझेलचा हिशेब करतोय. मधे बाहेरची लाइन तोडून जनरेटरची जोडणारा चेंजओव्हर स्विच नसेल तर माझ्या मशीनची वीज उलटी बाहेरच्या लाइनवर चढते, ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्ट होऊन. आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर कुणीतरी चढलेलं असतं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आवाज बऱ्यापैकी कमी आहे. मशीनपासून सात-आठ मीटरवर उभं राहून बोलता येतं. जवळ काम असेल तर कानात बोळे घालायचेच. घेताना तुमच्याही दारी असा वीस मिनिटांचा माणूस येईल, तर सही करण्याआधी त्याला स्टडपाशी बसवा आणि प्रत्येक तार कुठून कुठे जाते ते बोट ठेवून सांगायला लावा.

पॅनलवरचे स्टिकर आठव्या महिन्यात उचकटले. नवीन मागवले, आले नाहीत. शेवटी पोरानं पांढरा रंग आणि ब्रश घेऊन मायनस स्टडशेजारी 'जॉब' आणि खालच्या छोट्या स्टडशेजारी 'माती' असं लिहिलं. आता साइटवर कुणी नुसतं 'अर्थ लाव' म्हटलं की तो तिथूनच विचारतो, "दादा, जॉब की माती?" डिझेलच्या हातांनी 'माती'तला मा पुसत आलाय. या रविवारी परत रंगवायचा आहे.